पातं टिकतं कसं

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. डोंगरमाथा, जाळीचा मनोरा, दोन प्रचंड पाती.)

ऑक्टोबर १९४१. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात, ग्रँडपाज नॉब नावाच्या डोंगरावर एक पवनचक्की वीजजाळ्याला जोडली गेली. पामर पुटनम या अभियंत्याच्या कल्पनेतून ती उभी राहिली होती. क्षमता सव्वा मेगावॉट. तोवर वाऱ्यापासून मेगावॉटच्या घरात वीज कुणीच काढली नव्हती. पाती पोलादी, दोनच, पण एकेकाचं वजन सुमारे आठ टन.

आधी एक बेअरिंग गेलं आणि चक्की दोन वर्षं बंद पडली. युद्धाचे दिवस होते, सुटा भाग लवकर मिळेना. मार्च १९४५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि त्याच महिन्यात एक पातं तुटून उडालं. जिथे तुटलं, ती जागा कच्ची असल्याचं आधीच लक्षात आलं होतं. पण मजबुतीला लागणारं साहित्य युद्धामुळे मिळालं नाही आणि काम राहून गेलं. ती चक्की पुन्हा कधी फिरली नाही.

वाऱ्यातून मोठ्या प्रमाणावर वीज निघते, हे तिने दाखवून दिलं होतं. अडलं होतं ते पातं टिकवण्यापाशी. पवनऊर्जेतलं सगळ्यात अवघड काम आजही तेच आहे.

(दृश्य: पात्याचा आडवा छेद. त्यावरून सरकणारी धुराची रेघ.)

वारा पात्याला ढकलतो म्हणून ते फिरतं, असं लांबून वाटतं. खरं काम वेगळ्याच तऱ्हेने चालतं. पात्याचा छेद विमानाच्या पंखाचा असतो, पुढची कड गोलसर, मागची निमुळती. हवा दोन्ही अंगांनी जाताना एका अंगाला दाब कमी होतो आणि पातं त्या बाजूला ओढलं जातं. त्यामुळे टोक वाऱ्यापेक्षा कितीतरी जोरात पळू शकतं. मोठ्या चक्कीच्या टोकाचा वेग सेकंदाला ८० ते ९० मीटर असतो, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. खालून ती संथ दिसते, कारण वर्तुळच अवाढव्य असतं. बुंध्याकडचा भाग मात्र बराच सावकाश फिरतो आणि त्याला वारा वेगळ्या कोनातून भेटतो. म्हणून पात्याला बुंध्यापासून टोकापर्यंत पीळ दिलेला असतो.

वाऱ्यातली सगळी ऊर्जा काही काढून घेता येत नाही. तशी घेतली, तर हवा चक्कीमागेच थबकेल आणि मागून येणारा वारा बगल देऊन निघून जाईल. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास याचं गणित मांडलं. वाऱ्याचा वेग एक तृतीयांशावर आणला की सर्वाधिक ऊर्जा हाती लागते, आणि ती ५९.३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आजच्या चांगल्या चक्क्या ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. जास्त वीज हवी, तर पातं लांब करणं आलं. लांबी दुप्पट केली की वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं.

गोम इथेच आहे. तोच आराखडा सगळ्या मापांनी दुप्पट केला, तर वजन आठपट भरतं. पातं खाली येताना हे वजन त्याला पुढच्या कडेकडे ओढतं, वर जाताना मागच्या कडेकडे. दर फेऱ्याला ताण उलटतो. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तोच हा प्रकार. मिनिटाला १० फेरे धरले, तर अखंड फिरणाऱ्या पात्याचे २० वर्षांत दहा कोटींहून जास्त फेरे होतात. वादळ भीतीदायक खरंच, पण वादळात पाती वळवून चक्की थांबवता येते. रोजच्या साध्या वाऱ्यात साठत जाणाऱ्या थकव्यापुढे तशी सोय नाही.

(दृश्य: गेडसरची तीन पात्यांची चक्की.)

डेन्मार्कमध्ये पूल ला कूर यांनी १८९१ पासून आस्कोव्ह इथे वाऱ्यापासून वीज करून दाखवली होती. त्यांचे विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसरला चक्की उभारली, ती फक्त २०० किलोवॉटची. पाती तीन, हबला म्हणजे मधल्या तुंब्याला पक्की बसवलेली, तारांनी एकमेकांना ताणून धरलेली. वारा फार वाढला की हवा पात्याच्या पृष्ठभागावरून सुटायची आणि जोर आपोआप आवरला जायचा. तरीही फेरे हाताबाहेर गेलेच, तर पात्यांची टोकं वळून ब्रेक लागायचा. ही चक्की दहा वर्षं फारशा दुरुस्तीविना चालली. पवनऊर्जेच्या इतिहासात मला तिचं मोल सर्वांत मोठं वाटतं. विक्रम तिच्या नावावर नव्हता, पण तेलटंचाईनंतर १९७० च्या दशकात जगाला पुन्हा वारा आठवला, तेव्हा अमेरिकी आणि डॅनिश तज्ज्ञांनी मोजमापं घेण्यासाठी हीच चक्की पुन्हा चालू केली.

(दृश्य: कारखाना. शंभर मीटरचा साचा, त्यात उतरून कापड अंथरणारे कामगार.)

आजची सर्वांत मोठी पाती शंभर मीटरहून लांब आहेत. साच्यात काचतंतूंचं कोरडं कापड थरावर थर अंथरतात, मध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचे तुकडे बसवतात. वरून प्लास्टिकची चादर घट्ट लावून आतली हवा खेचून घेतात आणि रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, सोडतात. पांढऱ्या कापडावर ओलसर, गडद किनार सावकाश पुढे सरकताना डोळ्यांनी दिसते. सगळे नजर लावून बसतात, कारण एखादा डाग कोरडा राहिला किंवा कापडाला सुरकुती पडली, तर वर्षांनंतर चीर तिथूनच निघू शकते.

आणि मग पाऊस. ताशी ३०० किलोमीटरने पळणाऱ्या टोकावर थेंब आदळतात, ते हातोडीचे घाव बनून. पुढच्या कडेचा रंग आधी खरखरीत होतो, मग खळगे पडतात, मग आतलं कापड उघडं पडतं. दोरावर लटकलेला तंत्रज्ञ ती कड घासतो, खळग्यांत पुट्टी भरतो, वर संरक्षक पट्टी चिकटवतो. अशा खडबडीत कडेने वीज कमी होते, म्हणून हे काम मागे ठेवता येत नाही.

(दृश्य: कापून रचून ठेवलेली जुनी पाती.)

वीसेक वर्षांनी पातं उतरवलं जातं. मनोऱ्याचं पोलाद आणि जनित्रातलं तांबं वितळवून पुन्हा वापरात येतं. पात्यातलं रेझिन मात्र एकदा घट्ट झालं की वितळत नाही. त्यामुळे बरीच पाती कापून पुरली गेली, काही सिमेंटच्या भट्टीत गेली. मला हे खुपतं, आणि ते बदलतंय याचा आनंदही आहे. सौम्य आम्लात सुटणारं रेझिन आता तयार झालं आहे. २०२२ मध्ये जर्मनीलगतच्या समुद्रात, कास्कासी पवनक्षेत्रात अशा रेझिनची पाती बसवली गेली. खारा वारा, पाऊस आणि कोट्यवधी फेरे सोसेपर्यंत त्या रेझिनने काचतंतू धरून ठेवायचे आहेत, आणि नंतर कोमट आम्लाच्या टाकीत ते सोडून द्यायचे आहेत.