संध्याकाळचे सात

नमस्कार. हे भाषण छापलं जाणार आहे, म्हणून मी नाव सांगत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना. तिच्यात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या 'ए.ए.'मध्ये, सभासदाने नाव-फोटो छापून येऊ द्यायचा नाही अशी परंपरा आहे. भोसरीत फिटर होतो, एवढं पुरे.

मीटिंग कशी शोधायची ते सांगायला मला बोलावलंय. पण त्याआधी वेळेबद्दल बोलतो. पहिली पाळी सुटली की चार-साडेचारला मी मोकळा. घरी जायचो, चहा घ्यायचो, आणि सहा वाजले की अंगात काहीतरी सुरू व्हायचं. देवापाशी दिवा लागायचा, मुलं गृहपाठाला बसायची आणि मी चप्पल शोधायचो. सात वाजता परमिट रूममध्ये. वर्षानुवर्षं माझ्या शरीराला सातचा ठोका कळायचा. दारू सोडली तरी तो ठोका पडतच राहतो. त्या वेळेचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मनाची ताकद वाढव, असं मात्र सगळे सांगायचे.

ए.ए. सुरू झाली ती १९३५ सालची गोष्ट आहे. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून काही महिने झालेले, आणि काम फिसकटलेलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा, आणि बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येतायत. तो टेलिफोनकडे गेला. चर्चची यादी बघून फोन लावत सुटला: मला कुणीतरी दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ नावाचे सर्जन भेटले. पंधरा मिनिटं देतो म्हणाले होते, बोलत बसले सहा तास. डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ला, आणि तोच दिवस ए.ए. आपला स्थापनादिन मानते. बार ऐकू येत असताना बिलने स्वतःसारखा माणूस शोधला. आमची प्रत्येक मीटिंग म्हणजे तेवढंच आहे.

म्हणून मीटिंग निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: तुमची प्यायची वेळ कुठली? त्या वेळेची मीटिंग बघा. दुसरं, कामावरून घरी येताना बार लागतो त्याच्या अलीकडची बघा. पत्ता ए.ए.च्या संकेतस्थळावर किंवा फोनवर मिळतो. जागा साधी असते, शाळेचा वर्ग, चर्चची खोली. बाहेर मोठी पाटी नसते, त्यामुळे निघण्याआधी फोन करून खूण विचारून घ्या. 'ओपन' मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही येऊ शकतं. 'क्लोज्ड' फक्त पिणाऱ्यांसाठी. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी वर्गणी फिरते, नवीन माणसाने नाही टाकली तरी चालतं. अट एकच, दारू सोडायची इच्छा. बोललंच पाहिजे असंही नाही. मी पहिल्या चार मीटिंगांत तोंड उघडलं नव्हतं.

तिथे लोक काय बोलतात ते मी इथे सांगणार नाही. ते तिथेच राहतं. माझं सांगतो. मी दरवर्षी श्रावण पाळायचो. गटारीला गळ्यापर्यंत प्यायची आणि मग महिनाभर थेंब नाही. पुढे गणपती उठेपर्यंत रेटायचो. बायकोला म्हणायचो, दारुडा असतो तर जमलं असतं का? विसर्जनाच्या रात्री मात्र मंडळाच्या गाडीमागे मला उचलून आणावं लागायचं. तो सगळा महिना मी तारखा मोजत काढलेला असायचा. आता मी फक्त आजची संध्याकाळ मोजतो. याला चौदा वर्षं झाली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' गट आहे. अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगाही घरच्यांसाठीच असतात. वहिनी, नवरा येवो न येवो, तुम्ही जा. माझी बायको माझ्याआधी आठ महिने जात होती, मला पत्ता नव्हता. तिने बाटल्या लपवणं बंद केलं, साहेबांना माझ्यासाठी खोटे फोन करणं बंद केलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. काहीच सुचलं नाही तर १४४४६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

मी पहिल्या दिवशी दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो होतो. तिसऱ्यांदा आत गेलो ते मीटिंग संपता संपता. ओशाळून मागे उभा राहिलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. म्हणाले, "त्या खुर्च्या भिंतीशी लावायला हात द्या जरा." मी लावल्या. मग चहा आला. घड्याळात बघितलं तर पावणेनऊ वाजले होते.