जुन्या घराचा ड्रेनेज पाइप: काय ठेवायचं, काय बदलायचं

[दृश्य: फरशी उखडलेलं बाथरूम. मातीतून डोकावणारा काळा, जाड पाइप.]

घराचं नूतनीकरण काढलं की आधी टाइल्स ठरतात, मग नळ, मग बेसिन. ड्रेनेजचा पाइप ठरतो सगळ्यात शेवटी, तोडफोड झाल्यावर, प्लंबर समोर उभा राहून विचारतो तेव्हा. टाइल्स दहा वर्षांनी बदलता येतात. हा पाइप मात्र भिंतीत गाडला जातो, आणि त्याला पुन्हा हात लावायचा म्हणजे पुन्हा सगळी तोडफोड. म्हणून तो घाईत ठरू नये.

"सगळ्यात चांगला पाइप कोणता?" असं लोक विचारतात. जुन्या घरात त्याआधी एक वेगळी चौकशी करावी लागते. आत सध्या काय आहे? त्यातलं काय अजून धडधाकट आहे? आणि नवं जुन्याला जिथे भेटेल, तो सांधा कसा होणार?

[दृश्य: पाइपवर हातोडीचे हलके टोले. मग चुंबक चिकटतं.]

चुंबक चिकटलं, पाइप जाड आहे आणि प्रत्येक सांध्याला फुगीर गळा आहे, तर तो बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा (कास्ट आयर्न). त्या गळ्यात तेलकट तागाचा दोर ठासून वरून वितळलेलं शिसं ओतायची पद्धत होती. चुंबक चिकटलं, पण पाइप बारीक आणि आटे पाडलेला असेल, तर तो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, लोखंडाचा. चुंबक चिकटत नाही, पाइप मऊ आहे आणि चाकूने ओरखडा काढला की चकाकतो, तर ते शिसं. आणि राखाडी, सिमेंटसारखा दिसणारा पाइप निघाला, तर काम तिथेच थांबवा. तो अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. तो कापला, घासला किंवा फोडला की बारीक तंतू हवेत उडतात, आणि श्वासातून गेलेले हे तंतू फुप्फुसाचा कर्करोग करू शकतात. त्याला हात लावायचा तो प्रशिक्षित माणसांनीच.

शिसं आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड यांच्याबद्दल फार विचार करायची गरज नाही. भिंत उघडली आहे, तर ते काढून टाकावेत. गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजून इतका आवळत जातो की शेवटी बोटभर वाट उरते.

बीडाचं तसं नाही. तिथे थांबून नीट बघावं लागतं.

[दृश्य: कापलेल्या बीडाच्या पाइपचा आडवा छेद.]

उभा पाइप, ज्याला प्लंबर स्टॅक म्हणतात, त्यातून पाणी सरळ खाली पडतं आणि पाइप लवकर मोकळा होतो. आडव्या पाइपमध्ये मात्र तळाशी ओल टिकून राहते, मळ साचतो, आणि तळच आधी खाल्ला जातो. वरची बाजूही सुरक्षित नसते. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, पाइपच्या ओल्या छताला लागतो, आणि तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणून एकाच घरातला, एकाच काळातला बीड उभा असेल तर ठणठणीत आणि आडवा असेल तर चाळण झालेला सापडतो.

यात एक फसवा प्रकार आहे. बीडातलं लोखंड झिजून जातं आणि ग्राफाइट मागे राहतं. पाइपचा आकार तसाच, रंग तसाच, पण ताकद गेलेली. अशा जागी स्क्रू ड्रायव्हर दाबला की आत रुततो. चांगला बीड हातोडीला खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. बाहेरून एवढं तपासून झालं की आतून कॅमेरा फिरवून घ्यावा. त्याचा खर्च चुकीची भिंत फोडण्याहून कमीच असतो.

आमचं मत असं: उभा बीड खणखणीत असेल, तर तो ठेवा. जमिनीखालचा किंवा स्लॅबखालचा आडवा बीड आता उघडा पडलाच आहे, तर तो बदला.

[दृश्य: रात्रीची खोली. भिंतीतून पाणी वाहिल्याचा आवाज.]

उभा बीड ठेवण्याचं एक कारण कानाला कळतं. वरच्या मजल्यावर फ्लश केला की साध्या पीव्हीसी पाइपमधून पाणी खाली जाताना स्पष्ट ऐकू येतं. बीडाची घनता पीव्हीसीच्या सुमारे पाचपट. पाइपची जड भिंत कमी थरथरते, म्हणून आवाज फारसा बाहेर येत नाही. झोपायच्या खोलीच्या भिंतीतून स्टॅक जात असेल, तर हा फरक रोज रात्री जाणवतो. बीड परवडत नसेल, तर खनिज भुकटी मिसळलेले, जाड भिंतीचे आवाजरोधक प्लास्टिक पाइप मिळतात. आणि स्टॅकच्या पायथ्याशी एकदम काटकोनी बेंड न घालता 45 अंशांचे दोन बेंड घालावेत. पाणी आदळण्याऐवजी वळतं, आवाज कमी होतो आणि तुंबणंही.

दुसरं कारण आगीचं. बीड जळत नाही. पीव्हीसी आगीत मऊ होऊन कोसळतो, स्लॅबमध्ये त्याच्या जागी मोकळं भोक उरतं, आणि त्यातून धूर आणि ज्वाळा वरच्या मजल्यावर जातात. म्हणून प्लास्टिकचा पाइप मजल्यातून किंवा आग अडवणाऱ्या भिंतीतून जातो, तिथे त्याच्याभोवती फायर कॉलर बसवतात. उष्णता लागली की त्यातला पदार्थ फुगतो आणि भोक बंद करतो. नूतनीकरणात ही कॉलर हमखास विसरली जाते, कारण ती नसल्याने रोजच्या वापरात काहीच बिघडत नाही.

[दृश्य: पीव्हीसी पाइपवर सॉल्व्हंट सिमेंट लावणारे हात.]

मग पीव्हीसी घ्यायचाच नाही का? घ्यायचा, आणि बहुतेक आडव्या कामाला तोच घ्यायचा. तो गंजत नाही, आतून गुळगुळीत राहतो, एकटा माणूस उचलून बसवू शकतो. गुळगुळीतपणाला आता जास्त महत्त्व आलं आहे. जुने फ्लश एका वेळी 9 लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडत. आजचे 6 लिटर किंवा त्याहून कमी सोडतात. पाणी वाचतं ही चांगलीच गोष्ट, पण तेवढ्या पाण्याला लांबलचक, आतून खडबडीत झालेल्या बीडातून मैला वाहून न्यायचा असतो. नवं कमोड बसवलं आणि महिन्याभरात तुंबायला लागलं, तर दोष कमोडचा नसून जुन्या आडव्या पाइपचा असू शकतो.

पीव्हीसीच्या मर्यादाही नीट माहीत हव्यात. सतत 60 अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी त्याला सोसत नाही, सुमारे 80 अंशांना तो मऊ पडू लागतो. जिथे वारंवार उकळतं पाणी ओतलं जातं, त्या लाइनसाठी पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लास्टिक बरं. उन्हात उघडा राहिला तर पीव्हीसी पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून बाहेरचा पाइप रंगवावा. आणि तो तापल्यावर वाढतो. तीन मीटरचा पाइप 40 अंशांनी तापला की सुमारे 7 मिलिमीटर लांब होतो. तेवढ्याच लांबीचा बीड जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढतो, काळा एचडीपीई (हाही प्लास्टिकचाच एक प्रकार) 20 मिलिमीटरच्या पुढे जातो. ही वाढ सामावून घ्यायला रबर रिंगचे सांधे लागतात. ते दिले नाहीत, तर पाइप क्लॅम्पमध्ये कुरकुरतो किंवा सांधा सोडतो.

पीव्हीसी जोडायला वापरतात ते सॉल्व्हंट सिमेंट हा नुसता गोंद नाही. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. म्हणूनच पीव्हीसीचं सिमेंट एबीएस या वेगळ्या प्लास्टिकला चालत नाही, आणि एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनला कुठलंच सिमेंट धरत नाही. ते वितळवून जोडतात किंवा रबर रिंगवर बसवतात.

जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप सापडले, तर त्यांना घाईने टाकाऊ ठरवू नका. मोहेंजोदडोच्या घरांमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वी भिंतीतून खाली येणारे मातीचे नळ होते. भाजलेल्या मातीला आम्ल खात नाही. हार खातात ते सांधे: सिमेंट तडकतं, झाडांची मुळं आत शिरतात. पाइप सरळ आणि अखंड असेल, तर आतून नवं अस्तर घालून तो वाचवता येतो. खचून वाकला असेल, तर मात्र खोदण्याला पर्याय नाही.

[दृश्य: स्टॅकभोवती आवळलेला लोखंडी क्लॅम्प. मगच कटर चालू होतो.]

आता कापण्याची वेळ. हे वाक्य प्लंबरलाही ऐकवा: बीडाचा स्टॅक खालून कापण्याआधी वरचा भाग क्लॅम्पने भिंतीला किंवा स्लॅबला बांधून घ्या. शंभर मिलिमीटरच्या बीडाचं वजन मीटरला आठ किलोच्या वर, जुन्या जाड पाइपचं आणखी जास्त. तीन मजल्यांचा पाइप खालच्या तुकड्यावर उभा असतो. आधार काढला तर तो खाली येतो, आणि त्याच्याखाली माणूस काम करत असतो.

जुना बीड आणि नवं प्लास्टिक यांच्या सांध्यासाठी नुसता रबरी तुकडा आणि दोन पट्ट्या पुरत नाहीत. बाहेरून स्टेनलेस स्टीलचं कवच असलेला कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा, घ्या. कवच नसेल तर दोन्ही पाइप काळाने वर-खाली सरकतात, आत पायरी तयार होते आणि तिथे कचरा अडकतो. माप घेताना बाहेरचा व्यास प्रत्यक्ष मोजा. "चार इंची" म्हणवणारा जुना बीड आणि नवा 110 मिलिमीटरचा प्लास्टिक पाइप बाहेरून सारखे असतीलच असं नाही.

ढाळाचं काम कुठलाही पाइप करून देत नाही. शंभर मिलिमीटरच्या पाइपला मीटरमागे साधारण 20 ते 25 मिलिमीटर ढाळ द्यावा. म्हणजे कमोड स्टॅकपासून चार मीटर दूर नेलं, तर 80 ते 100 मिलिमीटर खोली नुसत्या ढाळाला लागते. जुन्या फरशीखाली ती मिळत नसेल, तर तुळई कोरू नका, कमोडची जागा बदला. मोठा पाइप घालूनही ही अडचण सुटत नाही. मोठ्या पाइपमध्ये पाण्याचा थर पातळ होतो आणि मैला मागे राहतो.

[दृश्य: पाइपचं तोंड बंद करून वरून पाणी भरलं जातं. भिंतीवर पेन्सिलची खूण.]

प्लास्टर करण्याआधी लाइन खालून बंद करून पाण्याने भरा आणि पातळीवर खूण करा. पीव्हीसीची चाचणी दाबाच्या हवेने करू नका. तो फुटला तर तुकडे उडतात. पातळी खाली गेली, तर एकेक सांधा कोरड्या कागदाने पुसत जा, ओला कागद गळती दाखवतो. मग मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आणि साफसफाईची झाकणं कपाटाच्या किंवा टाइलच्या मागे जाणार नाहीत, हे टाइल्सवाल्याला त्याच दिवशी सांगा.