खलिफासाठी लिहिलेलं पत्र

(दृश्य : इस्तंबूल, बॉस्फरसचा काठ, दोल्माबाह्चे राजवाडा)

३ मार्च १९२४ची रात्र. राजवाड्याला पोलिसांचा गराडा पडलाय. आत आहेत अब्दुलमजीद दुसरे, तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) घराण्यातले शेवटचे खलिफा, म्हणजे सुन्नी मुसलमानांचे धर्मप्रमुख. स्वभावानं राजकारण्यापेक्षा चित्रकार. अंकाराच्या संसदेनं त्याच दिवशी खिलाफत रद्द केलीय, आणि उजाडायच्या आत देश सोडायचा हुकूम आलाय. शहरातल्या स्टेशनवर गर्दी जमेल, म्हणून त्यांना मोटारीनं शहराबाहेरच्या चाताल्जा स्टेशनला नेलं जातं आणि तिथून स्वित्झर्लंडच्या गाडीत बसवलं जातं.

चारशे वर्षांचं पद इतक्या झटपट गेलं. ते जाण्याला एक निमित्त पुरवलं दोन हिंदी माणसांनी. तेही ते वाचवण्याच्या खटपटीत!

(दृश्य : जुनी मुंबई, सभेची छायाचित्रं)

१९१८मध्ये उस्मानी साम्राज्य महायुद्ध हरलं. विजेत्यांनी त्याची वाटणी मांडली, आणि खलिफाचं काय होणार या काळजीनं हिंदुस्थानातले मुसलमान अस्वस्थ झाले. खिलाफत कमिटीचं मुख्य ठाणं होतं मुंबईत, अध्यक्ष होते लाकडाचे बडे व्यापारी शेठ छोटाणी. गांधीजी पाठीशी उभे राहिले. गावोगाव वर्गणी जमली. त्यातल्या एका निधीचं नावच 'अंगोरा फंड'. अंगोरा म्हणजे आजचं अंकारा.

पण अंकारात होतं कोण? उस्मानी फौजेतले सेनापती मुस्तफा केमाल पाशा, पुढचे अतातुर्क. १९ मे १९१९ला ते सामसुनच्या बंदरात उतरले, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी अंकारात वेगळी संसद भरवली. तेव्हा खलिफा होते सुलतान सहावे मेहमेद, आणि त्यांच्याच सरकारनं केमालना गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली होती. आपल्याकडच्या सभांमध्ये मात्र खलिफा आणि केमाल या दोघांचा जयजयकार एकाच दमात व्हायचा.

केमाल घाई करणारे नव्हते. ९ सप्टेंबर १९२२ला त्यांच्या फौजा ग्रीकांना हटवत इझमीरमध्ये शिरल्या. एवढ्या विजयानंतरही त्यांनी एका फटक्यात सगळं मोडलं नाही. १ नोव्हेंबरला फक्त सुलतानपद रद्द केलं, खिलाफत तशीच ठेवली. सुलतान इंग्रजांच्या युद्धनौकेतून निघून गेले आणि संसदेनं त्यांचे चुलतभाऊ अब्दुलमजीद यांना खलिफा नेमलं. मान होता, अधिकार शून्य. २९ ऑक्टोबर १९२३ला प्रजासत्ताक जाहीर झालं. आता राष्ट्राध्यक्ष केमालही होते आणि खलिफाही. ही जोडी फार दिवस टिकणारी नव्हतीच. हवं होतं फक्त एक कारण.

(दृश्य : इस्तंबूलची वृत्तपत्रं)

ते कारण टपालानं आलं. इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान आणि न्यायमूर्ती अमीर अली या दोन हिंदी पुढाऱ्यांनी पंतप्रधान इस्मत पाशांना पत्र लिहिलं : खलिफाचा मान राखा, जगभरच्या मुसलमानांचा त्यात जीव गुंतलाय. पत्र अंकाराला पोचायच्या आधी, डिसेंबरात, इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापून आलं. अंकारात भडका उडाला. हे दोघे इंग्रजांच्या मर्जीतले, शिवाय शिया. सुन्नींच्या खलिफाची उठाठेव यांना कशाला, असा सवाल झाला. पत्र छापणाऱ्या संपादकांवर खटले भरले गेले. खलिफा म्हणजे परक्यांना आपल्या घरात शिरायला ठेवलेलं दार, हे सांगायला केमालना आता पुरावाच मिळाला.

अर्थात पत्र आलं नसतं तरी खिलाफत वाचली असती, असं मला वाटत नाही. तारीख थोडी पुढे गेली असती, इतकंच.

हिंदुस्थानातून गेलेल्या पैशातला शिल्लक भाग १९२४मध्येच 'इश बँकासी' या नव्या बँकेच्या भांडवलात गेला. खलिफासाठी दिलेली वर्गणी प्रजासत्ताकाच्या बँकेत!

पुढचे बदल वेगानं आले. १९२५मध्ये फेज टोपीवर बंदी, १९२६मध्ये स्विस धर्तीचा दिवाणी कायदा, १९२८मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन. १९३४मध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क, फ्रान्सच्या दहा वर्षं आधी. पण याच काळात कुर्दांचं बंड चिरडलं गेलं, विरोधी पक्ष बंद झाला, वृत्तपत्रांचा गळा आवळला गेला. सुधारणांची यादी वाचताना हे वगळलं, तर केमाल अर्धेच कळतात.

(दृश्य : खुलताबाद परिसर)

आणि अब्दुलमजीद? फ्रान्समध्ये राहिलेल्या या खलिफाला हैदराबादच्या निजामानं दरमहा तीनशे पौंडांचं वेतन बांधून दिलं. १९३१मध्ये नीस इथे त्यांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाची सून झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. खुलताबादजवळ या खलिफासाठी एक मकबरा बांधलेला आहे. त्यात त्यांचं दफन कधी झालंच नाही. १९४४मध्ये ते पॅरिसला वारले. तुर्कस्ताननं दफनाला जागा नाकारली, दहा वर्षं पार्थिव पॅरिसच्या मशिदीत राहिलं आणि १९५४मध्ये मदिनेत दफन झालं. घराण्यातल्या स्त्रियांना तुर्कस्तानात परतायची मुभा १९५२मध्ये मिळाली होती. पुरुषांना त्यासाठी १९७४ उजाडावं लागलं.