दुपारी गुंडाळलेलं पान

तर मंडळी, सोलापूरकडं रब्बी ज्वारीत भर दुपारी दोनला गेलात की पानं गुंडाळलेली दिसतात आणि आपण लगेच म्हणून मोकळे होतो, ओल संपली. पण खाली उकरून बघा, बऱ्याचदा ओल असते. मग पान का गुंडाळतं? तर हवेमुळं.

आपण मोबाईलवर आर्द्रतेचा टक्का बघतो ना, त्या एकट्यावरून काही कळत नाही. 25 डिग्रीला 30 टक्के आणि 35 डिग्रीला 30 टक्के, आकडा तोच, पण पानातलं पाणी ओढायचा हवेचा जोर पहिल्या वेळी साधारण 2.2 किलोपास्कल (दाब मोजायचं एकक) आणि दुसऱ्या वेळी 3.9, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट! पानाच्या आतली हवा जवळपास पूर्ण दमट, बाहेर सगळं कोरडं, आणि मधे दारं म्हणजे पर्णरंध्रं, पानावरची बारीक छिद्रं. ती लावून घेतली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडपण तिथूनच येतो, म्हणजे पीक उपाशी, वर पान तापतं ते वेगळंच.

आता ही दारं हलतात कशी, तर प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात, त्यांनी पोटॅशियम आत घेतलं की मागोमाग पाणी येतं, त्या फुगतात आणि रंध्र उघडतं. हवा कोरडी झाली की मुळं पुरवतात त्यापेक्षा जास्त पाणी उडतं, पानाला ताण बसतो, म्हणूनच ते गुंडाळतं, मग पानातच अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड तयार होतं, हे झाडाचं हार्मोन, आणि त्याच्यामुळं पोटॅशियम बाहेर पडायला लागतं, पाणी जातं, पेशी सैल पडतात, रंध्र मिटतं. सगळं काही मिनिटांत. ज्वारी, मका, गहू या गवतवर्गातल्या पिकांच्या रक्षक पेशी डंबेलसारख्या असतात, त्या तर अजून फास्ट. त्यात ज्वारी सी-फोर पीक, म्हणजे आत कार्बन डायऑक्साइड गोळा करायचा स्वतःचा पंप आहे, त्यामुळं दार किलकिलं ठेवूनही तिचं भागतं, गव्हाला तसं जमत नाही.

खरी गंमत पुढंय. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत बाजरीवर काम झालं, तिथं पिकाच्या शेवटच्या टप्प्यातल्या दुष्काळात टिकणारे वाण असे निघाले की मातीत भरपूर पाणी असतानासुद्धा हवा कोरडी झाली की ते हात आखडता घेतात. म्हणजे तहान लागायच्या आधीच बचत. रब्बी ज्वारीला हा गुण सोन्यासारखा, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की पुढं पाऊस जवळपास नाहीच, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवरच दाणा भरायचाय. दुपारी पाणी उडवून खाणं तसंही महागात पडतं, तेवढ्याच पाण्यात सकाळी कितीतरी जास्त अन्न तयार होतं.

पण म्हणून कमी पाणी उडवणारं वाण सगळीकडं भारी, असं म्हणणारे मला पटत नाहीत. कॅनॉल किंवा ड्रिप असेल तिथं दुपारी रंध्रं मिटणारं पीक उगाच उत्पन्न घालवतं, पाणी असून उपाशी.

आणि ओल संपली का हवा नडतीय हे ओळखायचं तर दुपारी जाऊ नका हो, पहाटे दिवस उगवायच्या आत जा. पान सरळ झालेलं असेल तर काल दुपारची करामत हवेची होती. पहाटेपण गुंडाळलेलंच असेल तर मात्र खालचं संपलंय, आणि पीक पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या बेतात) असेल आणि विहिरीला पाणी असेल तर तेव्हा एक पाणी द्या.