फी माफ झाली, पुढे काय? आफ्रिकेतील मुलांचा शिक्षणहक्क

नमस्कार. आजचा विषय आहे आफ्रिकेतील मुलांचा मोफत आणि दर्जेदार शिक्षणाचा हक्क. आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे आणि एका देशाचे चित्र दुसऱ्याला लावता येत नाही, म्हणून या व्हिडिओत मी मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि सिएरा लिओन या दोन देशांविषयी बोलणार आहे. मात्र त्याआधी मलावीचा अनुभव समजून घ्यावा लागेल.

[पडद्यावर: आफ्रिकेचा नकाशा, मलावी, युगांडा, केनिया]

१९९४ मध्ये मलावीत हेस्टिंग्ज बांडा यांची तीन दशकांची राजवट संपली. निवडणूक होऊन बाकिली मुलुझी अध्यक्ष झाले आणि नव्या सरकारने प्राथमिक शाळेची फी रद्द केली. पाहता पाहता शाळेच्या पटावरील मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. एवढ्या मुलांना शिकवायला शिक्षक नव्हते, म्हणून सरकारने जवळपास २० हजार जणांची घाईने भरती केली आणि केवळ काही आठवड्यांच्या तयारीवर त्यांतील बहुतेकांना वर्गावर पाठवले. खोल्या पुरल्या नाहीत तेव्हा वर्ग झाडांखाली भरू लागले. १९९७ मध्ये युगांडाने, सुरुवातीला एका कुटुंबातील चार मुलांपुरती, फी रद्द केली, तेव्हा तिथला पट एका वर्षात सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर गेला. २००३ मध्ये केनियात हेच झाले. तिथे पुढच्याच वर्षी एल्डोरेट शहरात किमानी मारुगे नावाच्या ८४ वर्षांच्या गृहस्थांनी पहिलीत नाव घातले, कारण लहानपणी त्यांना शाळा मिळाली नव्हती आणि आता ती विनामूल्य होती.

मुळात या देशांत प्राथमिक शाळेला फी का होती, हे सांगायला हवे. स्वातंत्र्यानंतर अनेक आफ्रिकी सरकारांनी शिक्षणावर मोठा खर्च केला होता. १९८० च्या दशकात ही सरकारे कर्जात बुडाली. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून नवे कर्ज मिळवण्यासाठी त्यांना सरकारी खर्च कमी करावा लागला, आणि पालकांनीही शाळेच्या खर्चाचा वाटा उचलावा, हे धोरण अनेक देशांत रूढ झाले. त्याचा परिणाम असा झाला की ज्या घरात तीन-चार मुले होती तिथे कोणाला शाळेत पाठवायचे याची निवड होऊ लागली, आणि त्या निवडीत बहुधा मुली मागे राहिल्या.

फी रद्द झाल्यावर वर्ग तुडुंब भरले आणि शिकवणे विस्कळीत झाले, यावरून काही अभ्यासक आणि राजकारणी असा निष्कर्ष काढतात की मोफत शिक्षणाने दर्जा खालावला. मला हा निष्कर्ष मान्य नाही. आधीचा दर्जा आपण फक्त वर्गात बसलेल्या मुलांवरून मोजत होतो. ज्यांना वर्गात येताच आले नाही त्यांच्या वाट्याला आलेला दर्जा शून्य होता आणि तो कोणत्याही सरासरीत धरला गेला नव्हता. शाळांचे बुडालेले फीचे उत्पन्न सरकारने वेळेवर आणि पुरेशा प्रमाणात भरून दिले नाही, ही खरी अडचण होती. त्यामुळे शाळा पालकांकडून गणवेश, परीक्षा शुल्क, इमारत निधी, पालक संघाची वर्गणी अशा निरनिराळ्या नावांनी पुन्हा पैसे घेऊ लागल्या.

या प्रश्नाचा आकार किती मोठा आहे, हे दोन आकड्यांवरून कळते. युनेस्कोच्या २०२२ मधील अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ६ ते १८ वयोगटातील सुमारे ९ कोटी ८० लाख मुले शाळेबाहेर होती. आणि जागतिक बँकेच्या अंदाजानुसार त्याच प्रदेशात दहा वर्षांच्या दर दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ मुलांना साधा परिच्छेद वाचून समजत नाही. म्हणजे शाळेबाहेरची मुले हा प्रश्नाचा एक भाग झाला. शाळेत जाऊनही वाचायला न शिकलेली मुले हा दुसरा, आणि तो अधिक मोठा आहे.

इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. फी रद्द करणे हा सरकारचा निर्णय असतो आणि पुढचे सरकार तो बदलू शकते, किंवा न बदलता पोकळ करू शकते. हक्काच्या बाबतीत मात्र मूल किंवा त्याचे पालक सरकारला जाब विचारू शकतात आणि सरकारला उत्तर द्यावे लागते. १९९० मध्ये स्वीकारलेली आणि १९९९ मध्ये अमलात आलेली बालकांचे हक्क व कल्याण यांविषयीची आफ्रिकी सनद याच दुसऱ्या मार्गाने जाते. तिच्या ११ व्या कलमात मूलभूत शिक्षण मोफत आणि सक्तीचे असावे, असे म्हटले आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे: शिक्षण पूर्ण होण्यापूर्वी गरोदर राहिलेल्या मुलीला ते पुढे चालू ठेवण्याची संधी मिळाली पाहिजे. ही तरतूद ध्यानात ठेवावी, कारण सिएरा लिओनमध्ये तिचीच कसोटी लागली.

[पडद्यावर: दक्षिण आफ्रिका, लिम्पोपो प्रांत]

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. वर्णद्वेषी राजवटीने १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी जाणूनबुजून हलक्या दर्जाची शिक्षणव्यवस्था उभी केली होती. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील हजारो विद्यार्थी आफ्रिकान्स या सत्ताधारी गोऱ्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. १९९१ पासून आफ्रिकेत हा दिवस आफ्रिकी बालक दिन म्हणून पाळला जातो. या इतिहासामुळेच १९९६ च्या राज्यघटनेत २९ वे कलम लिहिताना मोठी काळजी घेतली गेली. घरे, आरोग्यसेवा आणि उच्च शिक्षण यांविषयीच्या कलमांत सरकारने उपलब्ध साधनांनुसार किंवा वाजवी उपायांनी हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करावेत, अशा सवलती आहेत. मूलभूत शिक्षणाच्या हक्काला तशी कोणतीही सवलत जोडलेली नाही. २०११ मध्ये घटना न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले की हा हक्क ताबडतोब अमलात आणण्याजोगा आहे.

लिम्पोपो हा देशाच्या उत्तर टोकाचा प्रांत आहे. वर्णद्वेषी राजवटीने आखलेले लेबोवा, गाझांकुलू आणि वेंडा हे कृष्णवर्णीयांचे कथित स्वदेश आणि जुन्या ट्रान्सवाल प्रांताचा उत्तर भाग एकत्र करून तो बनला, त्यामुळे त्याच्या वाट्याला मोडकळीस आलेल्या अनेक शाळा आल्या. २०११ च्या अखेरीस प्रांताचा कारभार इतका कोलमडला की केंद्र सरकारने शिक्षणासह अनेक खाती आपल्या हाती घेतली. २०१२ मध्ये पहिली ते तिसरी आणि दहावीसाठी नवा अभ्यासक्रम लागू झाला. तिथले शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते. मे महिना उजाडला तरी प्रांतातील अनेक शाळांत नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके पोहोचली नव्हती, आणि शिक्षकांपुढे जुनी पुस्तके वापरण्याचाही पर्याय नव्हता.

सेक्शन २७ ही जनहितासाठी कायदेशीर लढे देणारी संस्था न्यायालयात गेली. १७ मे २०१२ रोजी न्यायमूर्ती जोडी कोलापेन यांनी निकाल दिला की पाठ्यपुस्तके न देणे हे मूलभूत शिक्षणाच्या हक्काचे उल्लंघन आहे, आणि १५ जूनपर्यंत पुस्तके पोहोचवावीत. ती मुदत पाळली गेली नाही. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, पुढील वर्षांतही पुस्तकांचा तुटवडा राहिला आणि पालक-शिक्षकांची एक संघटना या लढ्यात उतरली. बहुतांश पुस्तके पोहोचली आहेत आणि एवढ्या मोठ्या कामात थोडी उणीव राहणारच, असा शिक्षण खात्याचा युक्तिवाद होता. २ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च अपील न्यायालयाने तो फेटाळला. नेमून दिलेले प्रत्येक पाठ्यपुस्तक, ते शिकवायला सुरुवात होण्यापूर्वी, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असले पाहिजे. बाकीच्या मुलांना पुस्तक मिळाले आणि एकाला मिळाले नाही, तर त्या एकाच्या समानतेच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचाही भंग होतो, असे त्या निकालाने ठरवले.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. सरकारी अहवालांतील टक्केवारीत ते एक मूल नेहमी हरवते, आणि इथे न्यायालयाने मोजणी त्याच्यापासून सुरू केली. आपल्याकडे आरटीई म्हटले की खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांचे प्रवेश हीच गोष्ट बहुतेकांच्या मनात येते. प्रवेशानंतर मुलाला वर्गात काय मिळायला हवे, याची चर्चा तुलनेने कमी होते. दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयांनी मात्र नेमक्या याच प्रश्नाचे एकेक उत्तर दिले. २०१४ मध्ये ईस्टर्न केप प्रांतातील शाळांना बाके पुरवण्याचा आदेश झाला. २०१५ मध्ये त्याच प्रांताच्या प्रकरणात ठरले की दूरवरून चालत येणाऱ्या आणि प्रवासाचा खर्च न परवडणाऱ्या मुलांना वाहन देणे हा शिक्षणहक्काचाच भाग आहे. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या काळात, शालेय भोजन योजना सर्व पात्र मुलांसाठी चालू ठेवण्याचा आदेश दिला गेला. ही योजना ९० लाखांहून अधिक मुलांसाठी होती. आणि १२ डिसेंबर २०१९ रोजी मखांडा येथील उच्च न्यायालयाने निकाल दिला की जन्मदाखला किंवा ओळखपत्र नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही.

[पडद्यावर: १२ डिसेंबर २०१९, मखांडा आणि अबुजा]

योगायोग असा की त्याच दिवशी, नायजेरियाची राजधानी अबुजा इथे, पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाच्या म्हणजे इकोवासच्या न्यायालयाने सिएरा लिओनविरुद्ध निकाल दिला. २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ पसरली आणि शाळा अनेक महिने बंद राहिल्या. त्या काळात किशोरवयीन मुलींवरील लैंगिक अत्याचार वाढले आणि अनेक मुली गरोदर राहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरकारने गरोदर मुलींना नियमित वर्गात बसण्यास आणि परीक्षा देण्यास बंदी केली. काही शाळांत मुलींच्या शरीराला हात लावून तपासणी होत असल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी नोंदवले. या मुलींसाठी वेगळे वर्ग काढले गेले. ते आठवड्यातून तीनच दिवस भरत आणि त्यांत चारच विषय शिकवले जात. ज्या मुलींवर अन्याय झाला होता त्यांनाच शिक्षा होत होती, आणि हा अन्याय ज्यांनी केला ते पुरुष या नियमाच्या कक्षेत कुठेच नव्हते.

इकोवास न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवून तत्काळ रद्द करायला सांगितले आणि वेगळे वर्गही बंद करायला सांगितले. ३० मार्च २०२० रोजी अध्यक्ष ज्युलियस माडा बायो यांच्या सरकारने बंदी उठवली. याच बायो यांनी २०१८ मध्ये मोफत दर्जेदार शालेय शिक्षणाची योजना सुरू केली होती आणि अर्थसंकल्पाचा पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग शिक्षणाला दिला होता. म्हणजे जवळपास दीड वर्ष तिथे मोफत शिक्षणाची योजना आणि गरोदर मुलींवरील बंदी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. २०२३ च्या नव्या कायद्याने पूर्वप्राथमिकपासून उच्च माध्यमिकपर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली.

तरीही तिथे बरेच काम अपुरे आहे. सिएरा लिओनमधील अनेक शिक्षक आजही सरकारी पगारपटावर नाहीत. ते स्वयंसेवक म्हणून शिकवतात, आणि त्यांच्या उदरनिर्वाहासाठी गावातून किंवा पालकांकडून काहीतरी गोळा करावे लागते. कागदावर शाळा मोफत असते. पण शिक्षकाला पगार नसल्यामुळे फी दुसऱ्या वाटेने परत येते. मोफत आणि दर्जेदार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, त्याचे कारण इथे दिसते.

न्यायालयाच्या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे. खटला लढवायला वकील लागतात, संस्था लागतात, घटनेत स्पष्ट कलम लागते आणि निकाल पाळणारे सरकार लागते. दक्षिण आफ्रिकेत यातील बरेच काही होते, तरी पुस्तकांच्या पहिल्या आदेशाची मुदत टळली. जिथे यांपैकी काहीच नाही, तिथल्या मुलासाठी आफ्रिकी सनदेचे ११ वे कलम अजून कागदावरच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात फक्त प्राथमिक शिक्षण मोफत असण्याची स्पष्ट हमी आहे. माध्यमिक शिक्षणाबाबत त्यातील शब्द सैल आहेत आणि पूर्वप्राथमिकचा उल्लेख नाही. जुलै २०२४ मध्ये मानवी हक्क परिषदेने या कराराला नवा पूरक करार जोडता येईल का, हे पाहण्यासाठी कार्यगट नेमला, जेणेकरून पूर्वप्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणही मोफत असण्याची हमी मिळावी. हा ठराव पुढे नेणाऱ्या देशांत लक्झेंबर्ग आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाबरोबर सिएरा लिओनही होता.