तरवड आणि आपला माळ

मंडळी, विषय जाहीर झालाय तरवडाच्या परागीभवनाचा. त्याकडं येतोच, पण आधी खड्ड्यांचं बोलू द्या.

अथणीकडच्या एका माळावर झाडं लावायला जेसीबी आला. कागदोपत्री जागा पडीक. मुरमात खड्डे घ्यायचे म्हणून आधी झुडपं साफ केली. झुडपं म्हणजे तरवड! कमरेएवढा वाढलेला, कळ्यांनी लगडलेला. मुळं इतकी खोल की ओढून काढताना अर्धी तुटून जमिनीतच राहिली. मग निलगिरी आणि ग्लिरिसिडियाची रोपं लागली, फोटो झाले, टँकर थोडे दिवस आला आणि बंद पडला. उन्हाळ्यात रोपांच्या काटक्या झाल्या. उकरलेली माती पहिल्याच वळवानं ओढ्यात नेली. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, ते माझेच गाववाले. पण बिनपाण्याचं उभं होतं ते उपटून पाण्यावाचून न जगणारं लावलं, हे मला आजही सहन होत नाही.

आपला बेळगाव जिल्हाच असा आहे. खानापूरला पावसाळ्यात छत्री मिटत नाही, आणि इकडं अथणी, रायबाग, सौंदत्ती ढगांकडं डोळे लावून. या कोरड्या पट्ट्यात गुरं सहसा तरवडाला तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ माळावरही तो टिकतो, माती धरून ठेवतो.

घटाला तरवडाची माळ कुणाकुणाच्या घरी असते? हात वर करा. वा! आता यंदा बाजारातून झेंडू आणलेल्यांनी हात खाली घ्या. (हशा) तेलंगणानं याला राज्यफूल केलंय, तिथल्या फुलांच्या सणातली बतुकम्मा, म्हणजे फुलांची रास, त्याच्याशिवाय रचत नाहीत. आणि कोल्हापुरी चप्पल! २०१९ साली तिला मिळालेल्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, आपला जिल्हाही आहे. ते कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो. तरवडाच्या सालीतही तसंच टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, असतं. दक्षिणेत तिच्यावर पिढ्यान्पिढ्या कातडी कमावली गेली.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिली. तर परागीभवन. फुलात मध नाही, फक्त पराग. दहा पुंकेसर: वरचे वांझ, मधले आखूड, खालचे लांब आणि वाकडे. परागकोश उकलत नाहीत, टोकाला बारीक भोक असतं. काळा भुंगा फुलाला मिठी मारून छातीचे स्नायू थरथरवतो, घूं आवाज होतो आणि भोकातून पराग उडतात. मधल्या केसरांतले तो खायला नेतो; लांब केसरांतले अंगाला चिकटून दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, पोचतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही. पिवळसर पांढऱ्या स्थलांतरी फुलपाखरांच्या अळ्या याच कुळातल्या झुडपांची पानं खातात. तरवड उपटला की भुंगाही जातो, आणि तोच भुंगा बांधावरच्या वांग्याच्या फुलांतही पराग झाडतो.

बी हवं असेल तर वाळलेल्या शेंगा काढा. कवच कठीण असतं; वाळूत घासून किंवा गरम पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडाला बांधावर टोका. टँकर लागणार नाही. प्रश्न असतील तर बाहेर चहाला विचारा.