आरएनए कुठेच चिकटत नाही! यीस्टमधल्या एसआरजी१ची गोष्ट

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: ‘नॉन-कोडिंग आरएनएपासून प्रोटीन बनत नाही, मग यीस्ट तो बनवतं तरी काहून?’ डीएनए, आरएनए, प्रोटीन हे तुम्हाला पाठच आहे, त्यामुळे थेट एसईआर३ वर येते.

एसईआर३ हे सेरीन, म्हणजे प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल, बनवायला लागणारं जनुक. सेरीन बाहेरून मिळत असलं की पेशी ते बंद ठेवते. कसं? त्याच्या अलीकडून एसआरजी१ नावाचा नॉन-कोडिंग आरएनए लिहिला जातो, म्हणजे डीएनएवरून उतरवला जातो; यालाच ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आता नीट ऐका. हा आरएनए एसईआर३ला जाऊन चिकटत नाही. काम होतं ते लिहिण्याच्या क्रियेनं. पॉलिमरेझ, म्हणजे आरएनए लिहिणारं एन्झाइम, एसईआर३च्या प्रमोटरवरून, म्हणजे जनुक जिथून सुरू केलं जातं त्या डीएनएच्या भागावरून, धावतं; त्याच्या मागोमाग न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए गुंडाळणारी प्रोटीनची रिळं, पुन्हा बसतात आणि प्रमोटर झाकलेलाच राहतो.

आपल्या नागपूरच्या महाल भागातून मारबतीची गर्दीची मिरवणूक चालली असताना रस्त्यालगतच्या दुकानात गिऱ्हाईक शिरू शकतं का? दुकानाला तर कोणी हातही लावलेला नसतो ना भाऊ!

एका विद्यार्थ्यानं क्लासच्या नोट्सचा फोटो पाठवला. एसआरजी१ची नागमोडी रेघ, तिच्यातून निघालेला लाल बाण थेट एसईआर३वर, आणि शेजारी ‘आरएनए बांधला जातो’. खरंच राग आला. नेटच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या हाती हे द्यायचं? अहो, २००४ सालीच फ्रेड विन्स्टन यांच्या प्रयोगशाळेनं हे तपासलंय. एसआरजी१च्या मध्येच टर्मिनेटर, म्हणजे लिहिणं थांबवणारी डीएनएची खूण, घातला. आरएनए आखूड झाला, लिहिणं प्रमोटरपर्यंत पोचलंच नाही, आणि एसईआर३ सुरू झालं. शिवाय एसआरजी१ जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावरून बनत असला, तर इकडचं एसईआर३ बंद होत नाही. आरएनए स्वतः काम करत असता, तर तिकडून येऊनही केलं असतं!

धरमपेठच्या एका ताईंनी विचारलंय, ‘हे आरएनएआयच ना?’ म्हणजे छोट्या आरएनएंनी जनुकं गप्प करायची पद्धत. नाही, ताई. आपली गोष्ट चाललीय ती बेकरीतल्या यीस्टची, आणि त्याच्याकडे आरएनएआयला लागणारी प्रोटीनं, डायसर आणि आर्गोनॉट, दोन्ही नाहीत. ती दोन्ही शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे या दुसऱ्या यीस्टकडे आहेत, आणि तिथे सेंट्रोमिअरवर, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं त्या भागावर, हेटेरोक्रोमॅटिन, म्हणजे घट्ट बांधलेला बंद डीएनए, बसवायला छोटे आरएनए लागतात. या दोन यीस्टची सरमिसळ कृपा करून करू नका.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे: सेरीन आहे हे ओळखून एसआरजी१ सुरू करतं सीएचए४ नावाचं प्रोटीन. ते आहे अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे चालू करणारं. पेशी त्याच्याच जोरावर शेजारचं जनुक बंद ठेवते. सेरीन संपलं की एसआरजी१ थांबतो, न्यूक्लिओसोम सरकतात आणि काही मिनिटांतच एसईआर३चं ट्रान्सक्रिप्शन सुरू होतं.